पुराची खबर कोठून घ्यावी, मदत कशी मागावी?



कृष्णा, वारणा आणि पंचगंगा या नद्यांनी आपल्याला मळीची जमीन दिली, पाणी दिले, ऊस दिला. त्याच नद्या २००५, २०१९ आणि २०२१ साली आपल्या गोठ्यात आणि सोप्यात शिरल्या. पाणी वाढते आहे हे त्या वेळी बहुतेकांच्या कानावर होते. पण ते आपल्या दारात केव्हा येणार, आपला रस्ता केव्हा बंद होणार आणि अडकलो तर फोन कोणाला करायचा, हे पुष्कळांना ठाऊक नव्हते. तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही. म्हणून पाऊसकाळात प्रत्येक सभासदाने घरच्या मंडळींना एकत्र बसवून हा लेख मोठ्याने वाचावा, अशी विनंती आहे.

१. मागच्या पुराची खूण म्हणजे हमी नव्हे

आपल्या प्रत्येक गावात कुठे ना कुठे पुराची खूण आहे. देवळाच्या पायरीवर, शाळेच्या भिंतीवर, नाहीतर वाड्याच्या चौकटीवर. २००५ साली सांगलीला इर्विन पुलाजवळ पाणी जवळजवळ ५४ फुटांपर्यंत गेले होते. तेव्हापासून लोक त्याच खुणेवर विसंबून राहिले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये "दोन हजार पाचला उंबऱ्याला लागलं न्हाई, आता कुठलं येतंय?" असे म्हणत अनेक कुटुंबे घरातच थांबली. त्या वर्षी त्याच पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तीन फूट म्हणजे ऐकायला थोडे वाटते. पण आपली नदीकाठची जमीन सपाट आहे, तिथे तीन फूट चढलेले पाणी कितीतरी नव्या गल्ल्यांत आणि मळ्यांत पसरते. २०२१ साली पुन्हा ५४ फूट ओलांडले. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले.

शिवाय प्रत्येक पूर सारखा नसतो. २०१९ चा पूर बरेच दिवस चढत राहिला आणि बरेच दिवस मुक्कामाला राहिला. २०२१ च्या जुलैमध्ये मात्र दोन-तीन दिवसांतच सारे झाले. २२ जुलैच्या सुमारास महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलीमीटर पाऊस पडला आणि नद्या बघता बघता वर आल्या. तेव्हा जुनी खूण फक्त एवढेच सांगते की पाणी इथवर आले होते. ते याच्या पुढे येणार नाही, असे ती सांगत नाही.

२. आकडा वाचायला शिकावे

सांगलीच्या इर्विन पुलावर इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. रोज बातम्यांत हेच आकडे येतात. परंतु हे फूट त्या पुलाचे आहेत, आपल्या गावाचे नव्हेत. कुठल्या गावाला ३५ फुटांवरच पाणी लागते, तर कुठल्या गावाला ५० फुटांवरही लागत नाही. म्हणून प्रत्येकाने आपल्यापुरते दोन आकडे काढून ठेवावेत.

पहिला रस्त्याचा आकडा. पुलाजवळ किती फूट झाले की आपल्या मळ्यातून गावात आणि गावातून हमरस्त्याला जाणारी वाट बंद होते? मध्ये ओढ्याचा पूल आहे का, कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे का, खोलगट भाग आहे का, ते पाहावे.

दुसरा घराचा आकडा. किती फूट झाले की पाणी आपल्या गोठ्याला किंवा जोत्याला लागते?

गावातली जुनी माणसे, तलाठी (हल्लीचे ग्राम महसूल अधिकारी) आणि ग्रामपंचायतीचे शिपाई यांना विचारले तर हे दोन्ही आकडे अर्ध्या तासात मिळतात. बहुतेक ठिकाणी असे दिसेल की रस्त्याचा आकडा लहान आणि घराचा आकडा मोठा आहे. म्हणजेच घराला पाणी लागण्याच्या आधी रस्ता जातो. इथेच आपली माणसे फसतात. घर कोरडे आहे म्हणून थांबतात, आणि घराला पाणी लागते तेव्हा निघायला वाट उरलेली नसते. मग नावेशिवाय गत्यंतर राहत नाही. सबब घर सोडायचे ते रस्त्याच्या आकड्यावर, घराच्या आकड्यावर नव्हे. या लेखातली बाकीची कुठलीही गोष्ट विसरलात तरी चालेल, पण एवढी विसरू नये.

आता धरणाच्या विसर्गाविषयी. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी. एक लाख क्युसेकने पूर्ण दिवस पाणी सोडले तर सुमारे साडेआठ टीएमसी पाणी नदीत जाते. कोयना धरणाची साठवण सुमारे १०५ टीएमसी आहे. यावरून बातमीतला विसर्गाचा आकडा मोठा की लहान याचा अंदाज बांधता येईल.

मात्र फक्त धरणाच्या विसर्गावर नजर ठेवून भागत नाही. पूर तीन वाटांनी येतो. एक, धरणातून सोडलेले पाणी. दोन, धरणाच्या खालच्या भागात पडलेला पाऊस, जो धरणात न अडता ओढ्यांनी थेट नदीला मिळतो. तीन, फुगवटा. कराडला कोयना कृष्णेला मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते आणि नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते. मोठी नदी भरून वाहत असली की लहान नदीचे पाणी तिच्यात शिरत नाही, मागे तुंबते. त्यामुळे वर पाऊस थांबला तरी संगमाजवळच्या गावांत पाणी चढत राहते. आणखी एक गोष्ट. राधानगरी धरणाला स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की ते आपोआप उघडतात, त्यांना कोणाच्या हुकमाची गरज लागत नाही. त्यामुळे राधानगरी भरत आली असे कळले की भोगावती आणि पंचगंगाकाठच्या सभासदांनी दरवाजे उघडल्याच्या बातमीची वाट पाहू नये.

३. खबर कोठून घ्यावी

(अ) हवामान खाते जिल्ह्यांना रंग देते. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता कृती करा. पण हा रंग पावसाचा आहे, पुराचा नव्हे. सांगली जिल्ह्यात ऊन पडलेले असताना सातारच्या घाटात कोसळणारा पाऊस सांगलीला पूर आणतो. म्हणून स्वतःच्या जिल्ह्यापेक्षा सातारा घाट आणि कोल्हापूर घाट यांचा रंग आधी विचारावा.

(ब) जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष कलेक्टर कचेरीत असतो. त्याचा नंबर १०७७. पावसाळ्यात तिथून पाणीपातळी, विसर्ग, पाण्याखाली गेलेले बंधारे आणि बंद झालेले रस्ते यांची माहिती मिळते. कुठले बंधारे पाण्याखाली गेले ही यादी नुसती वाचून सोडू नये. आपल्या वरच्या अंगाचा बंधारा बुडाला असेल तर पाणी आपल्याकडे निघाले आहे, असे समजावे. पुण्या-मुंबईला असलेल्या मुलांनी गावची चौकशी करताना जिल्ह्याचा कोड लावून फोन करावा. कोल्हापूर ०२३१, सांगली ०२३३, सातारा ०२१६२, आणि पुढे १०७७. राज्याच्या नियंत्रण कक्षाचा नंबर १०७० आहे.

(क) मोबाईलवर सरकारी इशारा मोठ्या आवाजात वाजत येतो. तो चाचणीचा आहे की खरा, हे संदेशातच लिहिलेले असते. न वाचता बंद करू नये. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे 'सचेत' नावाचे ॲप आहे आणि विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेने केलेले 'दामिनी' आहे. घरातल्या शिकलेल्या पोरांकडून दोन्ही बसवून घ्यावीत.

(ड) आकाशवाणी. पूर आला की लाईट जाते, टॉवर बंद पडतात, मोबाईलची बॅटरी उतरते. अशा वेळी सेलवरचा रेडिओ उपयोगी पडतो. कपाटावर धूळ खात असेल तर काढून सेल घालून ठेवावा.

(इ) पै-पाहुणे. आपली सोयरीक नदीच्या काठाकाठानेच झालेली आहे. वरच्या अंगाला कराड, पाटण, पन्हाळा भागात ज्यांचे पाहुणे आहेत, त्यांनी एक फोन करून "पाव्हणं, तिकडं पाणी किती?" एवढे विचारले तरी काही तास आधी अंदाज येतो. तसेच आपल्या खालच्या अंगाला असलेल्या पाहुण्यांना आपणही न विचारता कळवावे. आपण सहकाराने कारखाना चालवतो, तसाच हा खबरीचा सहकार समजावा.

(ई) गावातली दवंडी आणि देवळावरचा कर्णा. हा आवाज गावठाणात पोहोचतो, मळ्यातल्या वस्तीवर पोहोचत नाही. म्हणून प्रत्येक वस्तीने गावातले एक घर ठरवून ठेवावे, ज्याने दवंडी झाली की वस्तीवर फोन करायचा किंवा माणूस पाठवायचा.

४. अफवा कशी ओळखावी

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला भूकंप झाला. या दोन्ही गोष्टी आपल्या भागाच्या मनात अजून आहेत, त्यामुळे "धरण फुटलं" एवढे दोन शब्द मोबाईलवर आले की गाव हातपाय गाळते. असा संदेश आला तर तीन गोष्टी पाहाव्यात. त्यावर तारीख आणि वेळ आहे का? कोणत्या अधिकाऱ्याच्या किंवा खात्याच्या नावाने आहे? नेमका आकडा, ठिकाण दिले आहे का? यातले काहीच नसेल तर तो पुढे पाठवू नये. जुन्या पुराची चित्रे नवी म्हणून फिरतात, तीही तशीच. शंका आली तर १०७७ ला विचारावे. पण अफवेच्या भीतीने खऱ्या इशाऱ्यालाही "काय न्हाई हो, उगंच घाबरवत्यात" म्हणणे हे तितकेच वाईट आहे.

५. निघायचे कसे

स्थलांतराची नोटीस आली की वाद घालत बसू नये. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ साली झाला, त्यानुसार कलेक्टर हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि लोकांना हलवण्याचा अधिकार प्राधिकरणाला आहे. तथापि नोटीस येईपर्यंत थांबलेच पाहिजे असेही नाही. आपला रस्त्याचा आकडा जवळ आला की निघावे.

आधी जनावरे. माणसे मागे राहतात ती बहुधा दावणीपायी. दुभती म्हैस सोडून जाणे कोणाच्याही जिवावर येते. म्हणून जनावरे पहिल्या दिवशीच, रस्ता कोरडा असताना, उंचावरच्या पाहुण्यांकडे किंवा छावणीत हलवावीत. बरोबर दोन दिवसांची वैरण आणि पेंड न्यावी. जनावराच्या कानातल्या बिल्ल्यावर बारा आकडी नंबर असतो, तो वहीत उतरवून घ्यावा. अगदी अखेरच्या क्षणी निघण्याची वेळ आलीच तर दावे सोडून जावे. बांधलेले जनावर पोहू शकत नाही.

त्यानंतर म्हातारी माणसे, बाळंतीण, लहान मुले आणि रोजचे औषध लागणारे आजारी. त्यांनी सर्वांबरोबर निघायची वाट पाहू नये, एक दिवस आधी जावे. औषधे आठ दिवसांची घ्यावीत.

मोटर. नदीकाठची मोटर आणि स्टार्टर वाचवायला चढत्या पाण्यात उतरणे हा आपल्याकडचा जुना आणि जीवघेणा हट्ट आहे. मोटर काढायची ती इशारा पातळीच्या आधी, दिवसाउजेडी, दोघा-तिघांनी मिळून आणि वायरमनला सांगून लाईन बंद केल्यावर. नंतर गेली तर जाऊ द्यावी. मोटर पुन्हा घेता येते.

वाटेत पुलावरून किंवा रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर त्यात गाडी घालू नये. गुडघाभर वाहते पाणी माणसाचे पाय उचलते आणि दोन फूट वाहते पाणी जीपसुद्धा ढकलते. ट्रॅक्टर उंच आहे या भरवशावर पाठीमागे बायका-मुले बसवून पाण्यात घालण्याचे धाडस कोणी करू नये. २०१९ साली शिरोलीजवळ पुणे-बेंगळूर महामार्गसुद्धा पाण्याने बंद पडला होता. तेव्हा हमरस्ता उघडाच राहील असेही धरून चालू नये.

घर सोडताना मेन स्विच पाडावा, गॅसची टाकी बंद करून बांधून ठेवावी, आणि आपण कोठे जातो आहोत हे शेजाऱ्याला व सरपंचांना सांगावे. नाहीतर आपण सुखरूप पाहुण्यांकडे आणि आपल्याला शोधायला नाव पाण्यात, असे होते.

६. मदत मागताना काय सांगावे

जिवावरचा प्रसंग असेल तर ११२. रुग्णवाहिकेसाठी १०८. पुरात अडकलो असू तर ११२ किंवा १०७७. जनावरांच्या डॉक्टरांसाठी १९६२. तुटलेली तार, पडलेला खांब यासाठी १९१२.

फोन लागला की "लवकर या, पाणी आलंय" एवढेच बोलून ठेवू नये. त्या माणसाकडे शंभर गावांचे फोन येत असतात. शांतपणे पुढील गोष्टी सांगाव्यात: तालुका, गाव, वस्तीचे किंवा मळ्याचे नाव, जवळची ठळक खूण, जसे पाण्याची टाकी, देऊळ, शाळा, मोबाईलचा टॉवर, एकूण माणसे किती, त्यात लहान मुले, म्हातारे, आजारी किती, पाणी जमिनीपासून किती फूट आहे आणि चढते आहे की थांबले आहे, आपला मोबाईल नंबर आणि बॅटरी किती शिल्लक आहे.

मळ्यात राहणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे. बचाव पथक बाहेरगावचे असते. आपण "पाटलाचा मळा" म्हणतो, तो त्यांच्या नकाशात नसतो. त्यातून पावसाळ्यात ऊस पुरुषभर उंच झालेला असतो. त्याच्या आड बैठे घर नावेतल्या माणसाला दिसतच नाही. म्हणून माडीवर किंवा छपरावर लांब काठीला लाल किंवा पिवळे लुगडे बांधावे, रात्री बॅटरी हलवावी. मोबाईलवरून आपले ठिकाण पाठवता येत असेल तर पोरांकडून पाठवावे. एका घरातून दहा जणांनी दहा ठिकाणी फोन करण्यापेक्षा एकाने करावा आणि बाकीच्यांनी मोबाईल बंद ठेवून बॅटरी राखावी.

७. नावेत बसताना

८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसांना घेऊन येणारी नाव उलटली. बायका-मुलांसह अनेकांचा बळी गेला. नावेत तिला पेलवतील त्यापेक्षा जास्त माणसे बसली होती. ही घटना आपल्या भागातील कोणीही विसरू नये. नाव आली की झुंबड करू नये. नावाडी किंवा जवान सांगेल तेवढीच माणसे बसावीत. अंगात जॅकेट असल्याशिवाय बसू नये. उभे राहू नये, एका बाजूला झुकू नये, बोचकी घेऊ नयेत. नाव परत येते. दुसऱ्या खेपेला जाऊ, असे म्हणणारा माणूस भित्रा नव्हे, तो सर्वांचे प्राण वाचवतो.

८. पाणी उतरल्यावर

घरात शिरण्यापूर्वी वायरमनकडून लाईन तपासून घ्यावी. कोपऱ्यात, सरपणात, वैरणीत साप असतात, काठीने हलवूनच हात घालावा. सर्पदंश झाला तर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठावा. पाणी उकळून प्यावे.

घर आणि पीक साफ करण्यापूर्वी फोटो काढून ठेवावेत. पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून करतात. त्या वेळी स्वतः हजर राहावे आणि आपले नाव, गट नंबर, क्षेत्र बरोबर लिहिले आहे का ते वाचून मगच सही करावी. जनावर दगावले असेल तर ताबडतोब तलाठी आणि जनावरांच्या दवाखान्याला कळवावे. नुकसान झालेल्या उसाची माहिती आपल्या गट ऑफिसलाही द्यावी.

९. या आठवड्यात करावयाचे काम

एका जाड कागदावर येणेप्रमाणे लिहून तो स्वयंपाकघराच्या दाराआड चिकटवावा: रस्त्याचा आकडा, घराचा आकडा, कोणत्या पुलाचा, १०७७, ११२, १०८, १९६२, १९१२, तलाठी, सरपंच, वायरमन आणि चिटबॉय यांचे मोबाईल, वरच्या अंगाच्या एका पाहुण्याचा नंबर, जनावरे कोठे न्यायची त्या ठिकाणाचे नाव.

दुसरे, प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत आधार, रेशन कार्ड, बँकेचे पासबुक, सातबारा, आठ-अ, कारखान्याचा शेअर दाखला आणि ऊस नोंदीची पावती एकत्र ठेवावी. त्यांचे फोटो परगावच्या मुलाच्या किंवा लेकीच्या मोबाईलवर पाठवून ठेवावेत.

तिसरे, आपल्या वस्तीवर एकटी राहणारी म्हातारी माणसे, सालगडी आणि बाहेरगावचे मजूर कोण आहेत त्यांची नावे चिटबॉयकडे द्यावीत. त्यांच्याकडे शेअर नाही, हा अंक त्यांच्या घरी येत नाही, आणि त्यांना नदीची ओळखही नसते. त्यांना रस्त्याच्या आकड्याची खबर देणे हे आपल्या सभासदांचे काम आहे.